जाळीमागचा अलार्म

बिनखिळ्याचं खरं नाव शेडमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं. जुनी व्हॅन किंवा मिनीबस घ्यायची, आतून पार सोलून काढायची आणि तिची घरगाडी करून द्यायची, हा त्या शेडचा धंदा. पलंग, ओटा, कपाटं, दिवे, पाण्याची टाकी, सगळं गाडीच्या पोटात. त्यातलं लाकूडकाम याच्याकडं. यानं केलेल्या कपाटाला खिळा दिसायचा नाही, स्क्रू दिसायचा नाही, बिजागरीसुद्धा शोधावी लागायची. म्हणून बिनखिळ्या. गिऱ्हाईक यायचं, फळीवरून हात फिरवायचं, खाली वाकून बघायचं आणि विचारायचं, "अहो, हे अडकलंय तरी कशावर?"

या प्रश्नासाठी हा माणूस जगायचा. हसण्यासारखं आहे, पण हसू नका. ज्याच्याकडं दुसरं काही नसतं तो असल्याच एखाद्या गोष्टीला धरून उभा असतो.

कारण बाकी सगळीकडं त्याची बोंबच होती. आई लवकर गेली. थोरल्या बहिणीनं, आक्कानं, त्याला वाढवला. तिचं लग्न झालं तेव्हा हा शेपटासारखा तिच्यामागं सासरी गेला तो तिथलाच झाला. शाळेत टिकला नाही. बेकरीत लावला, तिथं पाव करपवले. छापखान्यात लावला, तिथं उलटी पानं शिवली. शेवटी दाजींनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्यानं, ओळखीच्या सुताराकडं नेऊन सोडला आणि सांगितलं, "याच्या डोक्यात काही शिरत नाही, हातात काही शिरतंय का बघा." शिरलं. हातात सगळं शिरलं. तेव्हापासून नातेवाइकांत विषय निघाला की आक्का आधी मान वर करायची आणि मग म्हणायची, "आमच्या धाकट्याच्या हाताला तोड नाही." ती मान वर राहावी, एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं. खोटं वाटेल, पण एवढंच.

दाजी लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाले आणि घरात बसून आक्काला वात आणला. भाजी अशी का चिरतेस, तशी का नाही. शेवटी आक्काच म्हणाली, "आयुष्यभर दुसऱ्यांना फिरवलंत, आता मला फिरवा." एक जुनी मिनीबस घेतली आणि आणून बिनखिळ्याच्या शेडमध्ये उभी केली. चाव्या त्याच्या हातात देताना आक्का म्हणाली, "घर बांधायला तुला कधी सांगता आलं नाही, हे बांध."

त्यानं जीव ओतला. सुट्टीच्या दिवशीही जायचा. शेडमध्ये वायरिंगचं काम करणारी एक बाई होती, तिला सगळे वायरवाली म्हणायचे. जीभ पकडीसारखी. ती म्हणायची, "बहिणीची गाडी करतोयस की राणीचा रथ? इकडं बाकीची गिऱ्हाइकं वाट बघून म्हातारी व्हायला लागली."

सगळं सुरळीत चाललं होतं, पण अलार्मपाशी घोडं अडलं.

दाजींचा हट्ट होता की गाडीत धुराचा आणि बंद जागेत साठणाऱ्या बिनवासाच्या विषारी गॅसचा, दोन्हींचा अलार्म पाहिजे आणि तो स्वतः बघून घेणार. शेडवाले लावतात तो नको. दुकानात तिघंही गेले. दुकानदारानं काउंटरवर पांढऱ्या गोल डब्या मांडल्या. दाजींनी चष्मा लावला आणि एकेक उचलून बघायला लागले, जसा म्हातारा बाजारात आंबट संत्र्यांवर संशय घेतो तसा.

"हा घरातला आहे," दाजी म्हणाले. "गाडीत हादरे बसतात. उन्हात उभी केली तर आत भट्टी होते, थंडीत बर्फ. त्यात चालेल असं लिहिलंय का यावर?"

"चालतं हो काका. सगळे तोच नेतात."

"सगळे नेतात म्हणून मी विचारलं नाही. लिहिलंय का, ते विचारलं."

दुकानदार आतून दुसरे घेऊन आला. दाजींनी ते उलटे केले, मागची तारीख बघितली. "हा शेल्फवरच म्हातारा झालाय. यातला डोळा ठरावीक वर्षं जगतो. ताजा दाखवा." मग धूर ओळखायची पद्धत विचारली. त्यांचं म्हणणं, आतल्या उजेडाच्या किरणानं धूर ओळखणारा बरा, मंद धुमसणारी आग लवकर पकडतो आणि फोडणीला उगाच बोंबलत नाही. मग गॅसचं विचारलं. मग आवाज किती मोठा ते विचारलं. बिनखिळ्या दारात उभा राहून जांभया देत होता.

"काका, एवढी भीती कशाची?" दुकानदारानं सहज विचारलं.

झालं. बिनखिळ्यानं आक्काकडं बघितलं, आक्कानं त्याच्याकडं. आता ती गोष्ट येणार. घरात प्रत्येक पाहुण्याला सांगून झालेली, त्यामुळं घरातलं कुणी ऐकत नव्हतं. घाटात बस बंद पडलेली, कडाक्याची थंडी, प्रवासी दुसऱ्या गाडीनं गेलेले. दाजी आणि त्यांचा क्लीनर काचा लावून, आत स्टोव्ह पेटता ठेवून झोपले. "डोकं दुखायला लागलं," दाजी दुकानदाराला सांगत होते, "वाटलं दमलोय. वास नाही, धूर नाही, काही नाही. चहाच्या टपरीवाल्यानं काच फोडून ओढून काढलं म्हणून तुमच्यापुढं उभा आहे. क्लीनरपण वाचला. पण नंतर त्याला स्वतःच्या पोरांची नावं आठवायची नाहीत. माझ्याकडं बघून हसायचा नुसता."

दुकानदारानं हातातला डबा खाली ठेवला. बिनखिळ्या बाहेरच्या मोटारसायकली बघत होता.

शेवटी घरगाडीसाठीच बनवलेला, धूर आणि गॅस दोन्ही ओळखणारा, एकच डबा घ्यायचं ठरलं. दाजींना दोन वेगळे हवे होते. आक्का म्हणाली, "एकच घ्या. लाकडी छताला एक गळू आलेलं चालेल, दोन नकोत." डब्याला ती गळू म्हणाली आणि ते शब्द बिनखिळ्याच्या डोक्यात जाऊन बसले. आपण केलेलं छत, पट्टीला पट्टी मिळवून, आणि त्याला गळू?

"आक्का, दिसणारच नाही तो," तो म्हणाला.

"त्याला हवा लागते रे," दाजी म्हणाले. "उघड्यावरच पाहिजे. छतालाच, मोकळा."

"जाळी ठेवतो ना दाजी. हवा जाळीतून जाते. खिडकीला जाळी असते, हवा येत नाही का?"

आता त्यानं जे केलं ते बघायला हवं होतं. छतात त्यानं डब्याएवढा कोनाडा कोरला. वर वेताची बारीक विणलेली जाळी, चौकटीत बसवलेली. पण विणीतून डब्याचा पांढरेपणा दिसत होता. म्हणून जाळीमागं पातळ तपकिरी कापड ताणून लावलं. मग गाडी हलली की चौकट खुळखुळायची, म्हणून कडेनं जाड नमद्याची, दाबलेल्या लोकरीची पट्टी फिरवली, घट्ट. आणि कळस म्हणजे बटण. डब्यावर तपासणीचं बटण असतं, ते आता आत गेलं होतं. त्यानं लाकडाची एक छोटी गोटी घासून केली, जाळीच्या मधोमध बसवली, तिच्यामागं काडी. गोटी दाबली की काडी आतलं बटण दाबणार. दाबली. अलार्मनं अशी किंकाळी फोडली की शेडचा मालक हातातला चहा सांडत धावत आला.

सगळी शेड बघायला जमली. जो तो गोटी दाबून बघत होता. रंगारी म्हणाला, "याला दाताचं काम दिलं तर हा जबडासुद्धा लपवेल." आक्का आली, तिनं वर बघितलं, गळू शोधलं, सापडलं नाही. तोंडाला पदर लावून हसली.

दाजींनी गोटी दाबली. वाजलं. पुन्हा दाबली. वाजलं. मग म्हणाले, "बटण दाबल्यावर भोंगा वाजतो, ते कळलं. धूर आल्यावर वाजेल का? मागं कापड लावलंयस."

चारचौघांत. मालकासमोर. बिनखिळ्याच्या डोक्यात सणक गेली. त्याच्या जिभेला हाड कधीच नव्हतं. तो म्हणाला, "दाजी, तुमचा जन्म कंडक्टरच्या घंटीवर गेला. कुणी टिंग केल्याशिवाय तुमची गाडी हलायची नाही. आता गाडीत कंडक्टर नाही, सवय करा."

शेड खदाखदा हसली. आक्काही हसली. दाजीपण हसले, चष्मा पुसला आणि खाली उतरले.

मालकाला ती जाळी इतकी आवडली की त्यानं तयार होत आलेल्या दुसऱ्या गाडीतही तशीच करायला लावली. ती गाडी एका तरुण जोडप्याची. जुळी पोरं होती, दोन्ही सारखीच सांडलवंड करणारी. बिनखिळ्यानं तिथंही कापड, नमदा, गोटी सगळं तसंच केलं. ती गाडी आधी गेली. आक्काची पडद्यांमुळं दोन-चार दिवस रेंगाळली.

मग तिचाही दिवस आला. दुपारची वेळ. शेडच्या पुढच्या अंगणात गाडी उभी, आक्कानं शेजारपाजार बोलावलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघणार होते, लांबच्या सफरीला. आक्का म्हणाली, माझ्या नव्या ओट्यावर पहिल्यांदा काहीतरी करते, सगळ्यांना खायला देते. तव्यात तेल टाकलं, कांदा चिरायला घेतला आणि तेवढ्यात कुणीतरी खालून हाक मारली म्हणून दारात गेली. दारात बायका, बायकांच्या पुढं गाडी, मग काय. पडदे दाखव, उशा दाखव. तेल विसरलं.

आत बिनखिळ्या एकटाच होता. पलंगाखालचा खण उघडत-झाकत होता. आधी वास आला. मग ओट्यावरून निळसर धूर उठला, छताला लागला आणि पसरला. तो सरळ जाळीखाली आला. जाळीला टेकला. तिथं लोळत राहिला.

अलार्म गप्प.

त्यानं गॅस बंद केला. तवा हलवला, धूर आणखी वाढला. डोळ्यांना पाणी आलं. अलार्म गप्प. वेताच्या विणीवर धूर असा चढत होता जसा काचेवर पाऊस, आत काही जात नव्हतं. त्याला सगळं एका क्षणात कळलं. कापड कळलं, नमदा कळला, दाजींचा प्रश्न कळला.

"अगं धूर. धूर येतोय बघ," बाहेरून कुणीतरी म्हणालं. पावलं दाराकडं आली.

आणि त्यानं हात वर केला आणि गोटी दाबली.

दाबून धरली. अलार्म किंचाळला. बायका कानांवर हात ठेवून मागं सरकल्या आणि मग हसायला लागल्या. आक्का ओरडून सांगत होती, "बघा, बघा, दिसत नाही पण वाजतो कसा. माझ्या धाकट्यानं केलंय." त्यानं हात काढला तेव्हा धुरामुळं कुणालाच काही दिसलं नव्हतं.

दाजी आत आले. खोकत खोकत खिडक्या उघडल्या. मग त्याच्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चुकलो बाबा मी. उगाच शंका घेतली. आता निवांत झोपेन."

बिनखिळ्या म्हणाला, "असू दे हो दाजी."

असू दे. हे शब्द त्याच्याच तोंडातून आले. नंतर कित्येकदा ते त्याच्या कानात वाजले आणि दर वेळी त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. दाजींनी आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती. इन्स्पेक्टरची नाही, सासऱ्याची नाही. आणि याच्या लबाडीपुढं मागितली.

पांगापांग झाली तसा त्यानं डाव टाकला. आक्काला म्हणाला, "जाळीला पॉलिशचा एक हात राहिलाय, काढून नेतो, उद्या सकाळी लावतो." म्हणजे कापड काढायचं, नमदा काढायचा, भोकं मोठी करायची, कुणाला काही कळायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण आक्का म्हणाली, "हात लावू नकोस. अशीच राहू दे, छान आहे." आणि तिनं गाडीची किल्ली कमरेला खोचली.

वायरवाली हात पुसत होती. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तोंड का असं झालंय? कुणी तुझा रंधा चोरला का?" त्याला वाटलं हिनं बघितलं. तिनं काही बघितलं नव्हतं. पण आता त्याला प्रत्येकाच्या डोळ्यांत तेच दिसायला लागलं होतं.

कमवायला लागल्यापासून तो वेगळ्या खोलीत राहायचा; तिथं गेला आणि ताट तसंच सरकवलं. डोळ्यासमोर गाडी यायची, काचा लावलेल्या, आत दोघं झोपलेले, छताला ती देखणी जाळी. नको म्हटलं तरी तो क्लीनर आठवायचा, ज्याची गोष्ट त्यानं कधी धड ऐकली नव्हती. हसायचा नुसता, म्हणे. आणि मग जुळी पोरं आठवायची. ती गाडी तर रस्त्यालाच लागली होती.

मनात दुसराही आवाज होता, खोटं कशाला बोला. आग थोडीच लागणार आहे. आक्का जपून वागते. परत आल्यावर गुपचूप बदलू. हा आवाज चांगला मधाळ होता.

सकाळी तो आक्काच्या गल्लीत पोचला तेव्हा दाजी टाकीत पाणी भरत होते. पाइप हातात, ओठावर शीळ. आक्का डबे रचत होती.

"आलास? म्हटलं निरोप द्यायला तरी उठतोस की नाही," आक्का म्हणाली. "चहा घे."

"दाजी," तो म्हणाला. "पाणी बंद करा जरा. आत या."

"अरे, टाकी अर्धीच..."

"या हो."

तिघं आत उभे राहिले. जागा एवढीशी की कुणाचं तोंड चुकवायची सोय नाही. त्यानं वर बघितलं नाही. म्हणाला, "काल तो वाजला नव्हता. मी गोटी दाबली."

आक्काला कळलंच नाही. "कोण वाजला नव्हता?"

"अलार्म. धूर जाळीला लागून उभा होता, आत गेलाच नाही. दाजी म्हणाले तेच. मी कापड लावलं, कडा बंद केल्या. तुम्ही येताय दिसल्यावर मी दाबला."

बाहेर पाइपमधून पाणी रस्त्यावर वाहत होतं. आक्कानं हात वर केला आणि गोटी दाबली. वाजलं. सोडली. मग त्याच्याकडं बघितलं. "असं केलंस?"

"हो."

"मी बाहेर सगळ्यांना सांगत होते."

"हो."

तिनं मान खाली घातली. त्याला वाटलं होतं ती चिडेल, हात उगारेल. लहानपणी उगारायची. आज तिनं मान खाली घातली आणि डब्याचं झाकण लावत राहिली, बसलेलंच झाकण पुन्हा पुन्हा. ते त्याला बघवेना.

दाजी पलंगाच्या कडेवर बसले. म्हणाले, "मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला होता."

"हो दाजी."

"तेव्हा तरी सांगायचंस. कानात सांगितलं असतंस. मी कुणाला बोललो असतो का?"

दाजी खरंच कुणाला बोलले नसते. हेच तर जास्त लागत होतं. त्यानं पिशवीतून पेचकस काढला, स्टुलावर चढला आणि चौकट उचकटली. नमदा फाटत निघाला. वेत दोन ठिकाणी मोडला, मोडू दिला. डबा कोनाड्यातून काढून छताच्या मधोमध उघड्यावर लावला. स्क्रू त्या गुळगुळीत पट्टीत घुसताना करकरले. दाजींनी बाहेरून वर्तमानपत्राचा तुकडा आणला, ताटलीत पेटवून विझवला आणि धुमसता धरला. धूर वर गेला. पोचतो न पोचतो तोच किंकाळी. आक्का दचकली. कुणी हसलं नाही.

"आता बरोबर आहे," दाजी म्हणाले. मग ताटली खाली ठेवून विचारलं, "ही जाळी आणखी कुणाच्या गाडीत आहे?"

तो स्टुलावरून उतरला नाही. "एका."

"कोण आहेत?"

"ते जुळ्यांचे आईबाप."

"कुठंयत?"

"फिरतायत. चार दिवस झाले."

आक्कानं डबा बाजूला ठेवला. "फोन लाव," ती म्हणाली.

"मालकाला सांगतो, तो त्यांना..."

"मालकानं दाबली होती का गोटी? लाव. इथंच. माझ्यासमोर."

त्यानं नंबर लावला. घंटी वाजत राहिली. त्याला मनातून वाटत होतं की कुणी उचलू नये, आणि तसं वाटलं म्हणून आणखी लाज वाटली. मग पोरांच्या आईचा आवाज आला, मागं पोरांचा गोंधळ.

"अय्या, तुम्ही का? आत्ताच तुमचं नाव काढलं. इथं शेजारी एक गाडी उभीये, ती बाई जाळी बघून वेडी झाली. विचारत होती, अलार्म अडकवलाय तरी कुठं?"

आक्काला ते ऐकू गेलं. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि नजर हलवली नाही.

"ताई," तो म्हणाला, "ती जाळी आत्ताच्या आत्ता काढा. पेचकस नसला तर तोडून काढा. माझं चुकलंय. धूर तिच्यातून आत जात नाही."

तिनं पोरांना गप्प केलं. मग ती हळू म्हणाली, "पण तुम्ही वाजवून दाखवला होतात."

"बटण दाबून दाखवला होता."

"काल रात्री थंडी होती. आम्ही काचा लावून, हीटर लावून झोपलो." तिचा आवाज बदलला. "पोरं मधे होती. तुम्हाला हे कधी कळलं?"

काल दुपारी, हे सांगायचं होतं. काल दुपारी, त्या थंडीच्या रात्रीच्या आधी. सकाळी कळलं म्हणाला असता तर तिला काय समजणार होतं? आणि आक्का काही त्याला तिथं खोटं पाडायला गेली नसती, तेही त्याला ठाऊक होतं.

"काल दुपारी," तो म्हणाला.

मग ती जे बोलली ते त्यानं सगळं ऐकून घेतलं, फोन कानापासून दूर न नेता, मधे एकदाही न बोलता. तिनं नवऱ्याला हाक मारली, मग नवरा बोलला. ते वाईट होतं. तेही ऐकून घेतलं. शेवटी तिकडं वेत मोडल्याचा आवाज आला आणि कुणीतरी म्हणालं, निघालं. फोन बंद झाला.

दाजी बाहेर जाऊन नळ बंद करून आले. रस्ताभर पाणी झालं होतं. आक्कानं शेगडीवर चहाचं आधण ठेवलं, तिघांचं.

"निघायला उशीर होईल," दाजी म्हणाले.

"होऊ दे," आक्का म्हणाली. आणि भावाकडं न बघता, "खाली उतर. किती वेळ स्टुलावर उभा राहणारेस?"